बेसा, पंचेचाळीस डिग्री आणि एक म्हातारी ट्रॅव्हलर

मनीषनगर मागे पडलं की नागपूर संपलं असं वाटायला लागतं आणि नेमकं तेव्हाच बेसा सुरू होतं. कधीकाळी शहराच्या दक्षिणेला असलेलं हे एक साधंसुधं गाव. आता इथे ग्रामपंचायत जाऊन बेसा-पिपळा नगरपंचायत आलीय, दर शंभर पावलांवर 'हाइट्स' नाहीतर 'रेसिडेन्सी' आहे आणि गुरुवारी संध्याकाळी स्वामी समर्थांच्या मंदिराकडे निघालेल्या टू-व्हीलर्सची अशी गर्दी असते की चालत गेलेलं बरं. मिहानला नोकरी, बेसात टू-बीएचके आणि वीकएंडला तर्री-पोहे. आपल्यापैकी अनेकांचं लाइफ हेच तर आहे!

पण बेसाची खरी गंमत दोन बिल्डिंगांच्या मधल्या रिकाम्या प्लॉटांमध्ये आहे. धरमपेठेत कार लावायला जागा मिळाली तर लोक पेढे वाटतील. इथे मात्र काळ्या मातीच्या, कोपऱ्यांवर पांढरे दगड रोवलेल्या प्लॉटांवर काय काय उभं असतं... स्कूल बस, टिप्पर, केटररचा छोटा हत्ती, मागच्या उन्हाळ्यातला गंजलेला कूलर. आणि अशाच एका प्लॉटवर, बाभळीच्या अर्ध्या सावलीत, फुलाफुलांचे पडदे लावलेली एक पांढुरकी टेंपो ट्रॅव्हलर. २००१ चं मॉडेल. पडदे म्हणजे मालकांच्या आईची जुनी लुगडी.

ही गाडी म्हणजे घर आहे. आत उघडमीट करणारा पलंग, दोन बर्नरची शेगडी, सत्तर लिटरची पाण्याची टाकी आणि देवासाठी एक छोटासा कोनाडासुद्धा. मालक म्हणजे मिहानमध्ये काम करणारं तिशीतलं एक जोडपं. 'नाव नको छापू, सोसायटीची कमिटी आधीच नाराज आहे,' ही त्यांची अट. आरटीओत रीतसर 'कॅम्पर व्हॅन' अशी नोंद करून घेतलीय, हे मात्र आवर्जून सांगतात. (ज्यांना वाटतं की जुनी गाडी घेतली, सीट काढल्या, गादी टाकली की झालं मोटारहोम, त्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.)

तर आपली गोष्ट आहे या गाडीत कोणतं इंजिन ऑइल टाकायचं याची. वाचून जांभई आली? थांबा जरा. या प्रश्नावर त्या घरात दीड महिना जे महाभारत चाललं होतं, ते ऐकलंत तर सासू-सुनेच्या सीरियल बंद कराल.

तीन पार्ट्या, तीन डबे

झालं असं की घरातले बाबा, म्हणजे एसटीतून रिटायर झालेले ड्रायव्हर. उमेदीची बरीच वर्षं चिखलदऱ्याच्या घाटात गाडी चढवण्यात गेलेली. आता दोन्ही गुडघे कामातून गेलेत, बसची पायरी चढवत नाही. जूनमध्ये गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख लागलेली. त्याआधी एकदा चिखलदरा बघायचा, एवढीच त्यांची फर्माईश. मुलाने ट्रॅव्हलरच्या दाराला एक बुटकी जास्तीची पायरी वेल्ड करून घेतली. सगळं जमलं आणि गाडीने निळा धूर सोडायला सुरुवात केली. हजार किलोमीटरला जवळपास लिटरभर तेल पिऊ लागली.

मुलगा म्हणाला, फुल्ली सिंथेटिक टाकू, ५डब्ल्यू-३०. महाग आहे म्हणजे चांगलंच असणार. रात्री दोन वाजेपर्यंत व्हिडिओ बघून त्याचं हे मत पक्कं झालेलं.

बाबा म्हणाले, "आमच्या टायमाले एकच तेल होतं, चाळीस नंबर. उन्हाळा असो का हिवाळा. गाडी चालून राह्यली होती ना? मंग!" आणि वर टोला, "म्हातारी गाडी झाली, जाडं तेल टाक. पन्नास टाक."

सून टेस्टिंगमध्ये काम करते. तिने एक्सेल शीट बनवली. डॅशबोर्डच्या कप्प्यातून तेलाने माखलेलं मूळ मॅन्युअल शोधून काढलं आणि त्यात १५डब्ल्यू-४०, एपीआय सीएफ-४ असं लिहिलेलं सापडलं. बाजारात गेली तर काउंटरवाला म्हणतो, "सीएफ-४? ताई, आता सीआय-४ घ्या, सीके-४ घ्या." आता हे काय नवीन?

जर्मन आजोबा

इथे जरा मागे जायला हवं, कारण तेल शेवटी इंजिनाला लागतं, वयाला नाही.

'टेंपो' हा शब्द आपण इतका मराठी करून टाकलाय की 'टेंपोभर सामान' म्हणताना कोणाला हॅम्बुर्ग आठवत नाही. मुळात ते तिथल्या विडाल अँड झोन कंपनीच्या गाड्यांचं नाव. १९५८ साली सुरू झालेल्या फिरोदियांच्या बजाज टेंपोने त्यांची 'हॅनसीट' ही तीनचाकी आपल्याकडे बनवली आणि शब्द इथेच राहिला. मग आली मॅटाडोर. १९८७ मध्ये आली ट्रॅव्हलर, तीही मर्सिडीजच्या टी-१ व्हॅनवर बेतलेली. २००५ मध्ये कंपनीचं नाव फोर्स मोटर्स झालं, पण आपण अजून टेंपो ट्रॅव्हलरच म्हणतो. सवय, दुसरं काय!

या जुन्या ट्रॅव्हलरचं डिझेल इंजिन मर्सिडीजच्या ओएम ६१६ या घराण्यातलं. चार सिलेंडर, सुमारे २.४ लिटर. हेच घराणं जर्मनीत टॅक्सी म्हणून प्रचंड चाललेल्या २४०डी गाडीत होतं. म्हणजे बेसाच्या बाभळीखाली उभी असलेली ही म्हातारी खानदानी आहे, बरं का. पिकअप विचारू नका. पण व्यवस्थित तेलपाणी मिळालं तर चालत राहण्याची तिला भारी हौस. अशा इंजिनात तेलात काजळी भरपूर मिसळते. म्हणूनच डिपस्टिकवर तेल काळं दिसलं की 'खराब झालं' म्हणून ओरडू नका. डिझेलचं तेल बदलल्यावर थोड्याच दिवसांत काळं होतं. काजळी धरून ठेवणं, ती तळाशी बसू न देणं, हे त्याचं कामच आहे. घाबरायचं ते तेल दुधी दिसलं तर. मग त्यात पाणी शिरलेलं असू शकतं. डिझेलचा भपकारा येऊन लेव्हल आपोआप वाढली, तरीही सावध.

पाक एकतारी की दोनतारी?

आता ते आकडे. आईला पाक करताना बघितलंय ना? दोन बोटांत थेंब धरून ती तार बघते. तेलाचंही तेच. १५डब्ल्यू-४० मधला ४० हा आकडा तेल १०० अंश सेल्सिअसला किती दाट राहतं ते सांगतो. ३० म्हणजे पातळ पाक, ५० म्हणजे घट्ट. मोजमापाच्या भाषेत ४० नंबरचं तेल १०० अंशांना १२.५ ते १६.३ सेंटीस्टोक या पट्ट्यात बसतं, ३० नंबरचं त्याच्या खाली आणि ५० नंबरचं त्याच्या वर.

आणि डब्ल्यू? लोकांना वाटतं वेट. तो आहे विंटर. १५डब्ल्यू तेल उणे २० अंशांना इंजिन फिरवू देतं की नाही याची परीक्षा पास झालेलं असतं. उणे वीस! नागपुरात नोंदलेला नीचांक आहे ३.५ अंश, २९ डिसेंबर २०१८ चा. त्या दिवशी आख्ख्या शहराने शेकोटी पेटवली होती. म्हणजे ५डब्ल्यूसाठी मोजलेले जास्तीचे पैसे बेसात कुठे वसूल व्हायचे? सकाळी सकाळी ते थोडं लवकर वर चढेल, हे खरं. पण त्यासोबतचा ३० हा आकडा या इंजिनाला मॅन्युअलने कधी सांगितलेलाच नाही. अंतर वाढलेल्या जुन्या भागांमध्ये पातळ थर धरायचा म्हणजे उगाच रिस्क. मुलाचा डबा इथेच बाद झाला.

मला सगळ्यात आवडलेला भाग पुढचा आहे. बाबांचं 'चाळीस नंबर' आणि सुनेचं १५डब्ल्यू-४० हे दोन्ही १०० अंशांना एकाच पट्ट्यात येतात! फरक फक्त गार असताना. सिंगल ग्रेड तेल पहाटे गूळ झालेलं असतं, मल्टिग्रेड त्यामानाने वाहतं. चावी फिरवल्यावर तेल वर कॅमशाफ्टपर्यंत पोचायच्या आधीचे काही सेकंद इंजिनाला सगळ्यात जड जातात, तिथे हा फरक कामाला येतो. सुनेने हे सांगितल्यावर बाबांचं उत्तर, "म्हंजे मी बरोबरच होतो." घरातली शांतता टिकवायची असेल तर असं गणित शोधून काढावं लागतं.

'पण आमच्याकडे ऊन किती आहे, जाडं तेल लागणारच,' हा नागपूरकरांचा लाडका युक्तिवाद. मे २०१३ मध्ये आपण ४७.९ अंशांपर्यंत जाऊन आलोय, त्यामुळे अभिमान साहजिक आहे. पण गरम झालेल्या इंजिनातलं तेल तसंही शंभरच्या आसपास फिरतं. बाहेर ३५ आहे की ४५, याचा थेट फटका रेडिएटरला बसतो. थर्मोस्टॅट, पंखा, कूलंट ठीक असेल तर तेलाला नागपूर आणि नाशिक सारखंच. खरी वाट लागते ती बेसा रोडच्या जाममध्ये एसी लावून पाऊण तास उभं राहिल्यावर. वारा नाही, वेग नाही, इंजिन मात्र चालू. तापमान चढत गेलं की तेल झपाट्याने जुनं होतं. ढोबळ हिशोब असा की दर दहा अंशांना हा वेग दुप्पट. किलोमीटरचा काटा मात्र हलत नाही, त्यामुळे आपल्याला वाटतं गाडी कुठे चाललीच नाही!

उरला प्रश्न त्या एबीसीडीचा. एपीआय या अमेरिकन संस्थेच्या दर्जात सी म्हणजे डिझेल, एस म्हणजे पेट्रोल. पुढचं अक्षर जितकं पुढचं, तितका दर्जा नवा. सीएफ-४ आला १९९० मध्ये, सीएच-४ १९९८ मध्ये, सीआय-४ २००२ मध्ये, सीके-४ २०१६ च्या अखेरीस. नवा दर्जा जुन्याच्या जागी चालतो, म्हणून सीएफ-४ मागणाऱ्या गाडीत सीआय-४ बिनधास्त टाका. सीके-४ सुद्धा चालेल. पण त्यात राख कमी ठेवण्याची जी कसरत केलेली असते ती धुराड्यात फिल्टर बसवलेल्या नव्या गाड्यांसाठी. आपल्या म्हातारीला फिल्टरच नाही, मग जास्तीचे पैसे कशाला? (तुमची कॅम्पर बीएस-६ असेल तर मात्र उलटं. तिथे कंपनीने सांगितलेलं कमी राखेचंच तेल हवं.) एफए-४ असं दिसलं तर डबा खाली ठेवा. ते पातळ तेल खास नव्या इंजिनांसाठी आहे.

काही जुने मेकॅनिक अजूनही 'गंधकाचं अ‍ॅसिड इंजिन खातं' म्हणून दर तीन महिन्यांनी तेल बदलायला लावतात. त्यांच्या काळात बरोबरच होतं. भारत स्टेज-२ च्या डिझेलमध्ये गंधक दहा लाखांत ५०० भागांपर्यंत चालायचं. १ एप्रिल २०२० पासून ती मर्यादा देशभर १० भागांवर आलीय. नुसत्या गंधकाच्या भीतीने चांगलं तेल ओतून द्यायची गरज उरलेली नाही.

धूर कवा निघते?

हे सगळं शिकून झाल्यावरही गाडी तेल पीत होतीच. म्हणून एका संध्याकाळी आम्ही सगळे जवळच्या पत्र्याच्या शेडमधल्या गॅरेजमध्ये. ऊन उतरलेलं, तरी पाना हातात धरवत नव्हता. मिस्त्रीभाऊंनी तिन्ही पार्ट्यांचं शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच विचारलं.

"धूर कवा निघते?"

सगळे गप्प. दीड महिना तेलावर भांडणाऱ्या घरात हा प्रश्न कोणाला पडलाच नव्हता!

"पाहा मॅडम," ते माझ्याकडे वळले (प्रेस म्हटलं की आपोआप वळतात), "चढावर दाबला अन् निळा निघाला, तर रिंगा गेल्या. उतारावर पाय काढला, मंग परत दाबला अन् भसकन निघाला, तर गाइड. अन् सकाळी स्टार्टिंगले निघते, मंग साफ होते, तर सील. तेल बदलून धूर नाही जात."

सुनेला आठवलं. सकाळचाच. रात्रभर उभी राहिली की पहिल्या सेल्फला एक निळा ढग, मग काही नाही. कमिटीची पहिली तक्रारही तीच होती.

मग त्यांनी चारही सिलेंडरचं कॉम्प्रेशन मोजलं. चारही आकडे जवळजवळ सारखे. म्हणजे इंजिन आतून धडधाकट, व्हॉल्व्हची रबरी सील तेवढी कडक होऊन गेलेली. बाबांचं ५० नंबर टाकलं असतं तर धूर थोडा कमी दिसला असता आणि सगळे खूश होऊन घाट चढायला निघाले असते, सील तशीच. सील बदलायचा खर्च किती? आख्खं इंजिन खोलायला जे लाखाच्या घरात जातात, त्याच्या पासंगालाही न पुरणारा. मुलाच्या चेहऱ्यावरचा रंग परत आला.

तेल आलं साधं मिनरल १५डब्ल्यू-४०, सीआय-४. सिंथेटिक वाईट का? मुळीच नाही. पण ही गाडी वर्षाला पाच-सहा हजार किलोमीटर चालणार. तेल किलोमीटरने नाही, कॅलेंडरने संपणार. उभ्या गाडीत रात्रीचा दमटपणा तेलात उतरतो, छोट्या फेऱ्यांत तो उडून जात नाही. म्हणजे चालो न चालो, वर्षातून एकदा बदलायचंच, आणि जे दरवर्षी ओतून द्यायचंय त्यासाठी तिप्पट पैसे कोण मोजेल? माझं मत विचाराल तर तेच पैसे चांगल्या फिल्टरवर आणि रेडिएटरच्या नळ्यांवर घालावेत. 'इंजिन फ्लश' नावाची बाटलीही काउंटरवाला पुढे सरकवेल. वर्षानुवर्षांची घाण एका झटक्यात सुटून तेलाच्या जाळीत अडकली तर काय, हा प्रश्न त्याला विचारून बघा.

मिस्त्रीभाऊंच्या दोन सवयी मात्र चोरण्यासारख्या. रिकाम्या डब्याला ते लगेच स्क्रूड्रायव्हरने भोक पाडतात, म्हणजे त्यात कोणी नकली तेल भरून विकू नये. आणि काढलेलं काळं तेल बंद कॅनमध्ये साठवून परवाना असलेल्या रिसायकलरला देतात. मागे रिकामा प्लॉट असताना! त्या प्लॉटखालीच कोणाची तरी बोअरवेल आहे, हे इथे राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

चलो चिखलदरा

निघाले ते पहाटे चारला. बेसातून आउटर रिंग रोड, मग अमरावती रोड, कोंढाळी, तळेगाव... अमरावतीच्या अलीकडे उजाडलं. समृद्धी महामार्ग हाताशी असताना जुना रस्ता का? बाबांच्या मते ज्या रस्त्यावर चहाची टपरी नाही तो रस्ताच नाही. शिवाय १२० च्या स्पीडने जाणाऱ्या गाड्यांमध्ये साठ-सत्तरने चालणारी ट्रॅव्हलर म्हणजे स्वतःला आणि दुसऱ्यालाही टेन्शन.

परतवाड्याला पहिला मोठा हॉल्ट. इथून पुढे तीसेक किलोमीटरचा घाट आणि सातशे मीटरच्या वर चढ. भरलेली टाकी, सिलेंडर, गाद्या, पाच माणसं. एसी बंद, खिडक्या उघड्या, दुसरा-तिसरा गिअर. निघण्याआधी बाबांनी सपाट जागा बघून गाडी लावायला सांगितली, इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबवलं, तेल खाली उतरू दिलं आणि मग डिपस्टिक. पुसली, घातली, काढली. दोन खुणांच्या मधोमध. ऑइल प्रेशरचा काटा घाटभर कोणी बघायचा, यावरून नातू आणि आजोबांत थोडी वादावादी झाली. नातू जिंकला.

मोथ्याजवळ हवा बदलते. खाली बेचाळीस सोडून आलेला माणूस इथे खिडकीची काच वर करतो. गवळ्यांच्या घरांवरून खवा घेतला गेला, वर पोचल्यावर इथेच पिकलेल्या कॉफीचं पाकीट. महाराष्ट्रात कॉफी पिकते ती या डोंगरावर, हे आपल्या किती कॅफेवाल्यांना माहीत असेल? देवी पॉइंटला बाबा नव्या पायरीवरून स्वतः उतरले, काठी टेकत कठड्यापर्यंत गेले. बराच वेळ बोलले नाहीत. मग समोरच्या वळणाकडे बोट दाखवून मुलाला म्हणाले, "तिथी मी एकदा रात्रभर थांबलो होतो. पॅसेंजर सकट."

दोन रात्री गाडीतच झोपले. येऊन-जाऊन सुमारे पाचशे किलोमीटर. परत आल्यावर बेसाच्या त्याच प्लॉटवर, थंड इंजिनावर डिपस्टिक पुन्हा बघितली, जेमतेम चहाच्या कपभर तेल कमी झालेलं. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयच्या मागच्या पानावर सुनेने तारीख, किलोमीटर आणि 'टॉप-अप १०० मिली' असं लिहून ठेवलंय. त्याखाली बाबांच्या अक्षरात आणखी एक ओळ आहे, 'ऑपरेशन झाल्यावर पचमढी'.